विजेच्या भांडणाचें वाङ्मय

तुकोबांच्या चरित्राला मंबाजी लागतो. तो नसता तरी तुकोबांचे अभंग तितकेच थोर राहिले असते. पण चरित्र ऐकणाराचें मन भरलें नसतें. कीर्तनकाराला हें पक्कें ठाऊक असतें, आणि म्हणूनच मंबाजीच्या हातची काटेरी काठी प्रत्येक पिढींत थोडी थोडी लांब होत जाते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एका परदेशी शास्त्रज्ञाच्या चरित्राचें असेंच कीर्तन आमच्या सुशिक्षित घरांतून चाललें आहे. निकोला टेस्ला हा त्यांतला तुकोबा आणि थॉमस अल्वा एडिसन हा मंबाजी. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या वर्गांत आम्हीं एडिसनचें नांव काढलें, तर दिव्याची आठवण होण्यापूर्वींच मागच्या बाकावरून कोणीतरी ‘त्यानें टेस्लाला फसविलें’ असें सांगतो. आमच्या लहानपणीं याच्या अगदीं उलट होतें. एडिसन हा शाळेच्या भिंतीवरचा देव होता आणि टेस्लाचें नांव आम्हीं पदवीधर होईपर्यंत ऐकिलें नव्हतें. एक मूर्ति उतरवून दुसरी बसविली एवढाच काय तो फरक. देव्हारा तोच राहिला.

हा देव्हारा ज्या वाङ्मयानें बांधला त्याचें थोडें परीक्षण करावें असा आमचा विचार आहे. तें सारें इंग्रजींत आहे. पण त्याचा प्रसाद मराठींत रोज वांटला जात असल्यामुळें त्याविषयीं मराठींत बोलणें अप्रस्तुत होणार नाहीं.

वादाचा विषय थोडक्यांत असा. ४ सप्टेंबर १८८२ रोजीं न्यूयॉर्कमध्यें पर्ल स्ट्रीटवर एडिसननें आपलें वीजकेंद्र सुरू केलें. त्यांतून निघणारा प्रवाह एकाच दिशेनें वाहणारा, म्हणजे एकदिश होता, आणि त्याचा दाब सुमारें ११० व्होल्ट होता. दाब इतका कमी असला म्हणजे पुरेशी शक्ति पोंचविण्यासाठीं प्रवाह मोठा लागतो. आणि तारेंत उष्णतेच्या रूपानें जी वीज वायां जाते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. परिणाम असा कीं, मैलभराच्या पलीकडे हा उजेड परवडत नसे. सोलापूरकरांस समजेल असें सांगावयाचें तर, एडिसननें आपलें केंद्र आमच्या सात रस्त्याच्या चौकांत उभें केलें असतें तर सातहि रस्त्यांनीं मैल मैल उजेड गेला असता, आणि पुढें कंदील! तेथें दुसरें केंद्र, दुसरा बॉयलर, दुसरी चिमणी. याच्या उलट, क्षणोक्षणीं दिशा पालटणारा जो प्रत्यावर्ती प्रवाह त्याचा दाब रोहित्राच्या, म्हणजे गल्लींत सर्वजण ज्याला ट्रान्स्फॉर्मर म्हणतात त्याच्या साह्यानें हवा तसा चढवितां-उतरवितां येतो. दाब दहापट केला कीं तीच शक्ति नेण्यास एकदशांश प्रवाह पुरतो आणि त्याच तारेंतील नुकसान शंभराव्या हिश्शावर येतें. पिट्सबर्गच्या जॉर्ज वेस्टिंगहाउसनें ही गोष्ट हेरली. त्याच्या पदरीं असलेल्या विल्यम स्टॅन्ली या तरुण शोधकानें मार्च १८८६ मध्यें ग्रेट बॅरिंग्टन या लहानशा गांवीं रोहित्रें लावून हा प्रयोग यशस्वी करून दाखविला. आणि त्यानंतर एडिसनच्या कंपनीशीं वेस्टिंगहाउसचा जो सामना जुंपला त्याला पुढें ‘प्रवाहांचें युद्ध’ असें नांव पडलें.

या युद्धाचें पहिलें वाङ्मय योद्ध्यांनींच निर्माण केलें. १८८८ च्या फेब्रुवारींत एडिसनच्या कंपनीनें लाल मुखपृष्ठाचें एक चोपडें छापून वांटलें. त्याचें नांवच ‘इशारा’ असें होतें. प्रतिस्पर्ध्यांनीं पेटंटें चोरलीं आणि त्यांच्या प्रवाहानें माणसें मरतात, हें त्याचें सार. पुढल्या वर्षीं ११ ऑक्टोबरला जॉन फीक्स नांवाचा तारवाला न्यूयॉर्कच्या भर रस्त्यावर, दुपारच्या गर्दीच्या डोक्यावर, तारांच्या जाळ्यांत अडकून मेला. लगोलग नोव्हेंबरच्या ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ मासिकांत एडिसनच्या नांवानें विजेच्या दिव्यांच्या धोक्यांवर लेख आला, आणि डिसेंबरच्या अंकांत वेस्टिंगहाउसचें उत्तर. दोन कारखानदारांनीं आपलें भांडण एका वाङ्मयीन मासिकाच्या पानांवर नेऊन भांडावें, ही गोष्ट आमच्यासारख्या मासिकवाल्यांस हेवा वाटावा अशीच आहे.

ते दोन लेख आजहि वाचनीय आहेत. एडिसनचा लेख गद्य म्हणून सरस आहे. वाक्यें लहान, भीति थंडपणें सांगितलेली. तारा जमिनीखालीं पुरल्यानें धोका टळत नाहीं, तो नुसता घराच्या उंबऱ्यापर्यंत येतो. सबब प्रत्यावर्ती प्रवाह सरसकट बंद करावा, हें त्याचें मागणें. वेस्टिंगहाउसचें उत्तर हिशेबनिसाचें आहे. गाड्यांखालीं किती मेले, दिव्यांच्या गॅसनें किती मेले, त्या मानानें विजेनें किती थोडे मेले, याचे आंकडे तो देतो. आणि रोहित्रामुळें ग्राहकाच्या घरांत शिरणारा आपला दाब एडिसनच्या दाबाहूनहि कमी असतो असें सांगतो. हें खरें होतें. पण एडिसनचेंहि अर्धें खरें होतें. रस्त्यावरच्या त्या तारा खरोखरच माणसें मारीत होत्या, आणि त्यांची आवरणें झिजून गेलीं होतीं. आजचा चरित्रकार हें अर्धें सत्य गाळून टाकतो, कारण खलनायकाच्या तोंडीं खरें वाक्य शोभत नाहीं.

खलनायकपणाला साजेसें एडिसनच्या पक्षानें कांहीं केलें नाहीं, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. हॅरल्ड ब्राऊन नांवाच्या गृहस्थानें १८८८ सालीं कोलंबिया कॉलेजांत लोकांसमोर कुत्र्यांवर प्रत्यावर्ती प्रवाह सोडून ते मारून दाखविले, आणि या उद्योगाला एडिसनच्या प्रयोगशाळेचें साह्य होतें. न्यूयॉर्क राज्यानें फांशीऐवजीं विजेनें देहान्त करण्याचा कायदा केला, तेव्हां त्या कामीं वेस्टिंगहाउसचींच जनित्रें वापरलीं जावींत अशी खटपट याच ब्राऊननें केली. एडिसनच्या बाजूच्या एका वकिलानें तर या क्रियेला वेस्टिंगहाउसचें नांवच क्रियापद म्हणून लावावें असें सुचविलें. ६ ऑगस्ट १८९० रोजीं ऑबर्नच्या तुरुंगांत विल्यम केमलरला खुर्चींत बसविलें; पहिल्या झटक्यानें तो मेला नाहीं, पुन्हां प्रवाह सोडावा लागला. शास्त्राच्या इतिहासांतील हें ओंगळ पान आहे. तें आहे तेवढेंच ओंगळ ठेविलें पाहिजे. पण कीर्तनकाराला तेवढ्यानें भागत नाहीं. टॉप्सी हत्तिणीची गोष्ट आतां शाळकरी मुलांसहि माहीत आहे: एडिसननें वेस्टिंगहाउसला बदनाम करण्यासाठीं हत्तीण मारली! हत्तीण मेली ती ४ जानेवारी १९०३ रोजीं. तोंवर हा वाद मिटून दहा वर्षें झालीं होतीं, एडिसन विजेच्या धंद्यांतून बाहेर पडला होता, आणि तिला मारण्याचा बेत तिच्या मालकांचा होता. एडिसनच्या नांवाच्या चित्रपट-कंपनीनें त्याची फिल्म काढली, इतकाच संबंध. काठी लांब होते ती अशी.

योद्धे थकल्यावर चरित्रकार आले. त्यांत थॉमस कमरफर्ड मार्टिन या गृहस्थाची मौज पाहा. हा विद्युत्-विषयक पत्राचा संपादक. टेस्लानें १६ मे १८८८ रोजीं अमेरिकन विद्युत्-अभियंत्यांच्या संस्थेपुढें आपल्या मोटारीवर जें प्रसिद्ध व्याख्यान दिलें, त्यासाठीं त्याच्यामागें लकडा लावणारांत हा होता. १८९४ सालीं टेस्लाचे शोध व व्याख्यानें यांचा जाड ग्रंथ यानेंच संपादिला. आणि १९१० सालीं एडिसनचें अधिकृत म्हणावें असें दोन खंडांचें चरित्र निघालें, त्याच्या दोन कर्त्यांपैकीं एक पुन्हां हाच मार्टिन. दुसरा कर्ता एडिसनचा वकील होता. एकाच गवंड्यानें दोन्ही देवळें बांधलीं! ज्यांना हें भांडण म्हणजे राम-रावणाचें युद्ध वाटतें, त्यांनीं या मार्टिनला कोणत्या पक्षांत बसवावयाचें तें ठरवावें. १९१७ सालीं टेस्लाला जें मोठें पदक मिळालें त्याचें नांवहि एडिसन-पदक असेंच होतें.

१९४३ च्या जानेवारींत टेस्ला न्यूयॉर्कच्या एका हॉटेलांत एकटा वारला. पुढल्याच वर्षीं जॉन ओनील या वृत्तपत्रकारानें ‘प्रॉडिगल जीनियस’ या नांवानें त्याचें चरित्र प्रसिद्ध केलें. टेस्लासंबंधीं आज ज्या गोष्टी घरोघर सांगितल्या जातात, त्यांतील बहुतेकींचा उगम या पुस्तकांत आहे. वेस्टिंगहाउस अडचणींत आला असतां टेस्लानें आपला स्वामित्वधनाचा करार मित्रप्रेमानें फाडून टाकला, हा प्रसंग त्यांत संवादांसकट रंगविला आहे. वस्तुतः १८९७ सालीं वेस्टिंगहाउसच्या कंपनीनें सुमारें २ लक्ष १६ हजार डॉलर देऊन तीं पेटंटें विकत घेतलीं. व्यवहार तोट्याचा झाला असेल, पण तो व्यवहार होता. आमच्या विद्यार्थ्याच्या ‘फसवणुकी’चेंहि तसेंच. टेस्लानें स्वतः १९१९ सालीं लिहिलेल्या आत्मवृत्तांत, यंत्रें सुधारून दिल्यास ५० हजार डॉलर देण्याचें कबूल करून मग थट्टेवारी नेणारा मनुष्य ‘मॅनेजर’ आहे. ओनीलच्या पुस्तकांत तोच मनुष्य एडिसन झाला. मधल्या पंचवीस वर्षांत नवा पुरावा निघाला नाहीं. फक्त ज्याला बोलायचें तो वारला होता.

आम्ही ओनीलला खोटारडा म्हणत नाहीं. तो टेस्लाला ओळखत होता, त्याच्यावर त्याची भक्ति होती, आणि भक्ताच्या रीतीनें त्यानें लिहिलें. महिपतीबोवांनींहि संतांचे चमत्कार सांगितले. पण महिपतीबोवांच्या श्रोत्यांस आपण काय ऐकावयास बसलों आहों हें ठाऊक असे. येथें वाचकाच्या हातांत ‘विज्ञान’ म्हणून पोथी पडते, ही अडचण आहे. तिच्यांत आमच्याकडे एक अध्याय जोडलाहि गेला. स्वामी विवेकानंद आणि टेस्ला १८९६ सालीं न्यूयॉर्कमध्यें भेटले, हें खरें. १३ फेब्रुवारी १८९६ च्या पत्रांत स्वामींनीं त्याविषयीं लिहिलें असून, जड आणि शक्ति हीं दोन्हीं एकाच मूळ शक्तीचीं रूपें आहेत हें टेस्ला गणितानें सिद्ध करील अशी आशा दर्शविली आहे. टेस्लानें तें गणित कधीं मांडलें नाहीं. पण व्याख्यानमालांतून आम्हीं ऐकतों तें असें कीं, प्रत्यावर्ती विजेचा शोधच वेदान्तांतून लागला. त्याच्या मोटारीचें व्याख्यान या भेटीपूर्वीं आठ वर्षें झालें होतें, इतकें पाहण्याची तसदीहि कोणी घेत नाहीं.

अलीकडच्या लेखकांत जिल जोन्स यांचें ‘एम्पायर्स ऑफ लाइट’ (२००३) हें पुस्तक सर्वांत लोकप्रिय आहे आणि तें वाचावें असें आहे. तिघांनाहि त्यांत जागा मिळाली आहे, शिकागोच्या १८९३ च्या प्रदर्शनाचें आणि नायगराच्या धबधब्यावरील केंद्राचें वर्णन उत्तम साधलें आहे. ग्रॅहम मूर यांची ‘द लास्ट डेज ऑफ नाइट’ (२०१६) ही कादंबरी तारेवर जळणाऱ्या एका कामगाराच्या दृश्यानें उघडते. सुरुवात पकड घेणारी आहे. पण तो कामगार पुढें कोणाचा कोण, याची कादंबरीला चौकशी नाहीं. त्याचें जळणें हा पडदा उघडण्याचा दोर, एकदां ओढला कीं काम झालें. मग वेस्टिंगहाउसचा तरुण वकील, गायिका, कारस्थानें. वर्षें मागेंपुढें केलीं आहेत हें लेखकानें शेवटीं प्रांजळपणें सांगितलें आहे, हें त्यास भूषणावह आहे. ‘द करंट वॉर’ हा चित्रपट २०१७ सालीं दाखविला गेला व फेरजुळणी होऊन २०१९ सालीं अमेरिकेंत बाहेर पडला. त्याचा एक गुण आम्हांस मान्य आहे: त्यानें सामना एडिसन आणि वेस्टिंगहाउस यांच्यांत लावला, टेस्लाला बाजूस ठेविलें. १८८८ ते ९० च्या ऐन धुमाळींत टेस्लाची मोटार अजून बाजारांत उभी राहिली नव्हती. वेस्टिंगहाउस विकत होता ते दिवे.

ज्यास भक्तीपेक्षां माहिती हवी त्यानें बर्नार्ड कार्लसन यांचें टेस्ला-चरित्र (२०१३) घ्यावें. टेस्लाची कल्पनाशक्ति कशी चाले, ती कोठें फळली आणि कोठें त्याला भुलवून घेऊन गेली, हें त्यांत दोन्ही हातांनीं मोजून दिलें आहे. पण या सर्व वाङ्मयांत ज्याला खरोखर ग्रंथ म्हणावें तो थॉमस ह्यूज यांचा ‘नेटवर्क्स ऑफ पॉवर’ (१९८३). तो रुक्ष आहे, हें कबूल. त्यांत नायक नाहीं, नायिका नाहीं. बर्लिन, शिकागो आणि लंडन हीं तीन शहरें आहेत. पण त्याच्या शंभर पानांत आपल्या डोक्यांतील द्वंद्वयुद्ध विरून जातें. रोहित्राची जुळणी १८८५ सालीं बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यांतील तिघां हंगेरियनांनीं बसविली. फिरत्या चुंबकक्षेत्राची कल्पना तुरीनच्या गॅलिलेओ फेरारिसनें टेस्लाच्या व्याख्यानापूर्वीं दोन महिने छापली. आणि ज्या तीन तारांच्या, तीन-फेजच्या मोटारीवर आज सोलापुरांत चादरींचे आणि टॉवेलांचे यंत्रमाग खडखडत आहेत, ती व्यवहारांत आणली जर्मनींत काम करणाऱ्या मिखाइल दोलिवो-दोब्रोवोल्स्की या रशियन गृहस्थानें. १८९१ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनांत लाउफेनच्या धबधब्याची वीज सुमारें १७५ किलोमीटरवरून तीन तारांनीं आली आणि तिचा सुमारें तीन चतुर्थांश भाग शाबूत पोंचला. अमेरिकेंतले कीर्तनकार या दोब्रोवोल्स्कीला ओळखीत नाहींत. आमच्या यंत्रमागवाल्यांनाहि त्याचें नांव ठाऊक नाहीं, पण त्यांना तें माफ आहे.

युद्ध संपलें कसें, याचें ह्यूज यांनीं दिलेलें उत्तर असें कीं तें जिंकलें गेलें नाहीं, तें जोडलें गेलें. १८९२ सालीं सावकार मॉर्गन यानें एडिसनची कंपनी दुसऱ्या एका कंपनींत मिळवून जनरल इलेक्ट्रिक उभी केली आणि नांवांतून ‘एडिसन’ हा शब्द पुसला. १८९६ सालीं जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाउस यांनीं एकमेकांचीं पेटंटें वापरण्याचा करार केला. आणि प्रत्यावर्ती वीज घेऊन एकदिश देणारें फिरतें यंत्र निघाल्यामुळें जुनें गिऱ्हाईक न तोडतां नवीं केंद्रें बांधतां आलीं. शिकागोंत हें सर्वांत मोठ्या प्रमाणावर कोणीं केलें? एडिसनचा एके काळचा खासगी कारकून सॅम्युएल इन्सल यानें, एडिसनचेंच नांव लावणाऱ्या कंपनींत! न्यूयॉर्कमधील शेवटची एकदिश सेवा बंद झाली ती १४ नोव्हेंबर २००७ रोजीं, पर्ल स्ट्रीटनंतर सव्वाशें वर्षांनीं. हरलेला पक्ष इतकीं वर्षें घर सोडीत नसतो. टिळक-आगरकरांच्या वादाचें आपण शाळेच्या निबंधांत जें करून ठेविलें आहे, तेंच या वादाचें जगानें केलें, असें हा ग्रंथ वाचतांना वाटत राहतें.

याचा दाखला घेण्यासाठीं आम्हांस अमेरिकेस जावयास नको. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी गेली ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. उभ्या गाडीला जोरानें ओढून काढण्यास तेव्हां एकदिश मोटारीसारखी दुसरी मोटार नव्हती. वीज मात्र प्रत्यावर्ती रूपानें येई, आणि मार्गावरील उपकेंद्रांत फिरत्या यंत्रांनीं तिचें रूप पालटावें लागे. म्हणजे मुंबईचा कारकून नव्वद वर्षें कचेरींत गेला तो वेस्टिंगहाउसच्या विजेचें एडिसनच्या विजेंत रूपांतर होऊन. २०१२ ते २०१६ या काळांत हे मार्ग २५ हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर आणले गेले. आणि १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून सोलापुरास येणारी वंदे भारत गाडी काय करते? वरच्या तारेंतून प्रत्यावर्ती प्रवाह घेते, आपल्या पोटांत त्याचा एकदिश करते, आणि त्याचा पुन्हां तीन-फेजचा प्रत्यावर्ती करून चाकांच्या मोटारींस देते. विजयी कोण, हा प्रश्न त्या गाडीला विचारून पाहावा.

येथवर आम्ही ह्यूज यांच्याबरोबर आहों. पण एका बाबतींत त्यांचा ग्रंथहि, आणि वर सांगितलेलें सारें वाङ्मयहि, आमच्या दृष्टीनें अपुरें आहे. ‘अंतर’ हा शब्द या सर्व पुस्तकांत फक्त मैलांचा शब्द आहे. अंतर जिंकिलें, अंतर तोडलें, अंतरावर मात केली! एडिसनच्या पद्धतींत, ती कितीहि खर्चाची असो, ज्याचा दिवा त्याचाच धूर होता. केंद्र गिऱ्हाइकाच्या गल्लींतच असावें लागे. उंच दाबाच्या प्रत्यावर्ती विजेनें प्रथमच असें झालें कीं, वीज एकीकडे करावी आणि तिच्यासाठीं जें सोसावयाचें तें सोसणारे तेथेंच राहावेत, उजेड मात्र दुसरीकडे पडावा. नायगराच्या बाबतींत हें डोळ्यांत भरत नाहीं, कारण धबधबा तेथें आधींच होता. सह्याद्रींत धबधबा बांधावा लागला.

१९१५ च्या फेब्रुवारींत खोपोलीचें टाटांचें केंद्र सुरू झालें आणि घाटमाथ्यावर अडविलेल्या पाण्याची वीज एक लक्ष व्होल्टच्या दाबानें मुंबईच्या गिरण्यांस पोंचूं लागली. लाउफेन-फ्रँकफुर्टनंतर अवघ्या चोवीस वर्षांनीं. यशानें हुरूप आला आणि पुढें मुळशीचें धरण निघालें. मुळा-निळेच्या खोऱ्यांतील मावळ्यांचीं भातखाचरें पाण्याखालीं जाणार, हें कळल्यावर एप्रिल १९२१ मध्यें सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट हे सेनापति झाले ते येथेंच. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांनीं याच प्रकरणीं तुरुंग पाहिला. १९२४ अखेर लढा मोडला, धरण पुरें झालें, आणि १९२७ सालीं त्या पाण्यावर कोंकणांत भिरा येथें वीज होऊं लागली.

या लढ्याचा साधार इतिहास प्रा. राजेंद्र व्होरा यांच्या, २००९ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत आहे. धरणाविरुद्धची जगांतील पहिली चळवळ असें तिला त्यांनीं म्हटलें आहे. तें पुस्तक आणि ह्यूज यांचा ग्रंथ आम्हीं एकामागून एक वाचले, आणि दोहोंत एकाच गोष्टीच्या दोन बाजू असूनहि एकाला दुसऱ्याची वार्ता नाहीं, याचें नवल वाटलें. ह्यूज यांच्या नकाशावर तारेच्या मागच्या टोंकाला केंद्र आहे, पाणी आहे, माणूस नाहीं. व्होरांच्या खोऱ्यांत माणसें आहेत, सावकार आहे, कंपनी आहे, पुढारी एकमेकांशीं पटवून घेत नाहींत हेंहि आहे; पण ही वीज मुंबईस जाऊं शकते तरी कशी, आणि पन्नास वर्षांपूर्वीं ही जमीन कोणी का मागितली नव्हती, हा प्रश्न तेथें उपस्थित होत नाहीं. उत्तर ग्रेट बॅरिंग्टनच्या त्या रोहित्रांत आहे. तें रोहित्र नसतें तर मुळशीची जमीन मुंबईच्या उपयोगाची नव्हती. कोणीहि खल न होतां, टेस्ला-वेस्टिंगहाउस यांच्या निर्दोष आणि सुंदर यंत्रानें मावळांतील शेतकऱ्याची जमीन एकाएकीं मौल्यवान केली, आणि म्हणूनच ती त्याच्या हातची गेली. द्वंद्वयुद्धाच्या गोष्टींत ही घटना मांडतांच येत नाहीं, आणि आमच्या मतें तोच त्या गोष्टीवरचा सर्वांत मोठा आक्षेप आहे. एडिसन वाईट कीं टेस्ला थोर, या प्रश्नाचें कोणतेंहि उत्तर दिलें तरी मुळशीच्या मनुष्यास त्यांत जागा मिळत नाहीं.

आतां तर एकदिश वीजहि दूर जाऊं लागली आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस चंद्रपूरहून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची ५०० किलोव्होल्टची एकदिश वाहिनी सुरू झाली. १५०० मेगावॉट वीज ती नेऊं शकते. कोळसा, राख आणि उन्हाळा चंद्रपुरास, उजेड पडघ्यापलीकडे. आमच्या सोलापुराचेंहि नांव या इतिहासांत एकदां आलें आहे. देशाच्या दक्षिण भागाचें वीजजाळें पूर्वीं उरलेल्या देशाशीं फक्त एकदिश दुव्यांनीं जोडलेलें होतें. प्रत्यावर्ती जाळीं जोडावयाचीं तर दिंडीतल्या टाळकऱ्यांप्रमाणें साऱ्यांचा ताल एक असावा लागतो, सेकंदास ५० आवर्तनें. ताल जमत नसेल तेथें एकदिश दुवा मधें घालतात. जुलै १९१२ नव्हे, ३१ जुलै २०१२ ला, उत्तर व पूर्व भारतांतील जाळें कोसळलें तेव्हां दक्षिण या दुव्यांच्या आडोशानें वांचली. मग ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची प्रत्यावर्ती वाहिनी जोडली गेली आणि सारा देश एका तालावर आला. त्यानंतर दक्षिण सोलापूर तालुक्यांत ६६० मेगावॉटचे दोन संच २०१७ व २०१९ सालीं उभे राहिले. त्यांना पाणी उजनीचें लागतें, वीज महाराष्ट्राबाहेरील राज्यांसहि जाते, आणि राख येथेंच राहते. सोलापुरांत नळाला पाणी किती दिवसांनीं येतें, हें येथील वाचकांस आम्हीं सांगावयास नको.

घरांत यांपैकीं एकच पुस्तक आणावयाचें असेल तर कार्लसन आणावें. मुलांच्या हातीं जोन्स द्यावें, मात्र हत्तिणीची आणि फाडलेल्या कराराची गोष्ट निघाली कीं वडील माणसानें जवळ असावें. कादंबरी आगगाडींत वाचण्यास चांगली आहे. ह्यूज यांचा ग्रंथ कॉलेजच्या ग्रंथालयांतून मागवावा आणि लंडनचें प्रकरण आधीं वाचावें, कारण वॉर्डावॉर्डाच्या भांडणांत एका मोठ्या शहराची वीज कशी रखडली हें नगरपालिकेचा अनुभव असलेल्या मराठी माणसास लवकर समजेल. व्होरांनीं मुळशीविषयीं मराठींतहि लिहिलें आहे. तें याच फळींत, ह्यूज यांच्या शेजारीं ठेवावें.